मनगटापासून जमिनीपर्यंत

नाशिकला कधी येणे झाले तर त्र्यंबकेश्वर, काळाराम मंदिर आणि पंचवटी या ठरलेल्या यादीत एक सकाळ गोल्फ क्लब मैदानासाठी राखून ठेवा. शहराच्या मध्यवर्ती भागात, त्र्यंबक रस्त्याजवळ हे विस्तीर्ण मैदान आहे. पहाटे साडेपाचपासून येथे माणसांची वर्दळ सुरू होते. मैदानाभोवती फेऱ्या मारणाऱ्यांत तरुण धावपटू असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असतात. पण दिवस थोडा वर आला की राज्य असते ते ज्येष्ठांचे. कानटोपी, मफलर, स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट किंवा साध्या चपला, आणि अनेकांच्या हातांत काठी. मी या शहरात बरीच वर्षे दवाखाना चालवतो. सकाळची माझी फेरीही याच मैदानावर असते, आणि खरे सांगायचे तर माझे निम्मे रुग्ण मला दवाखान्याआधी येथेच भेटतात.

नाव गोल्फ क्लब. पण येथे गोल्फ खेळणारा कोणी दिसणार नाही. इंग्रजी अमदानीतल्या साहेबांच्या खेळाची खूण तेवढी नावात उरली. खेळला जातो तो क्रिकेट. रणजी करंडकाचे सामनेही या मैदानाने पाहिले आहेत. मैदानाचे आजचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडणारा हा मुलगा. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह त्याला फाशी झाली, तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. ज्याच्या वाट्याला विशीसुद्धा आली नाही, त्याच्या नावाच्या मैदानावर सत्तरी आणि ऐंशी ओलांडलेली माणसे रोज सकाळी आपले पाय सांभाळत चालतात. हा विचार मनात आला की लांबलेले आयुष्य ही तक्रारीची गोष्ट वाटत नाही, जपण्याची वाटते.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या मैदानावर दिसणाऱ्या काठ्यांविषयी. त्याचे निमित्त मात्र गोल्फचेच आहे.

माझ्याकडे देवळालीच्या बाजूला राहणारे एक निवृत्त लष्करी अधिकारी येतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. नोकरीत असताना गोल्फची गोडी लागली, ती अजून सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची झीज वाढली आणि मी त्यांना काठी वापरण्यास सांगितले. पुढच्या खेपेस ते काठी घेऊन आले. चालताना उजवा खांदा कानाला लागेल इतका वर उचललेला, आणि कोपर बाहेर फेकलेले.

मी विचारले, "साहेब, ही काठी कोठून आणली?"

"थोरल्या भावाची आहे, डॉक्टर. ते गेले. वहिनी म्हणाल्या, घरात पडून आहे, तुम्ही वापरा."

"त्यांची उंची किती होती?"

"सहा फूट. आमच्या घरात तेच उंच. मी पाच फूट चार इंच."

मग बोलता बोलता गोल्फचा विषय निघाला, आणि त्यांनी आपल्या पटरचे माप कसे घेतले गेले ते मोठ्या हौसेने सांगितले. पटर म्हणजे चेंडू हलकेच ढकलून छिद्रात घालण्याची गोल्फची शेवटची काठी. लांबच लांब फटके मारणाऱ्या इतर काठ्यांच्या मानाने ती दिसायला अगदी साधी. पण गोल्फच्या ७२ फटक्यांच्या प्रमाण हिशेबात प्रत्येक छिद्रामागे दोन, म्हणजे ३६ फटके या एका काठीसाठी धरलेले असतात. म्हणून चोखंदळ खेळाडू ती बाजारातून उचलून आणत नाहीत. अंगावर बेतून घेतात, शिंप्याकडे सदरा बेतावा तशी.

माप घेणारा प्रथम खेळाडूला नुसते उभे करतो. बूट नेहमीचे, पाठ सहज वाकलेली, हात खांद्यापासून सैल लोंबते. हात जेथे आपोआप येतात तेथे मूठ आली पाहिजे. हातांनी मुठीच्या मागे जायचे नाही. मुठीने हातांकडे यायचे. पटर साधारण ३३ ते ३५ इंचांचा असतो. पण ज्याची पाठ वाकत नाही त्याला थोडा लांब आणि जो फार वाकून खेळतो त्याला आखूड लागतो. दांडा फार लांब असला तर कोपरे बाहेर येतात, खांदे ताठरतात आणि नजर चेंडूच्या रेषेवरून सरकते. दांडा आणि जमीन यांच्यामधला कोन चुकला तर पटरचे बूड जमिनीवर सपाट टेकत नाही आणि चेंडू कडेला जातो. या कोनाला खेळाच्या नियमांचेही बंधन आहे: दांडा सरळ उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असावा लागतो. ज्यांची बोटे आखडतात किंवा मनगट नको तेथे वळते, त्यांना मूठ जाड करून देतात.

या मापांच्या शास्त्राला ज्यांनी मोठे वळण दिले त्यांत कार्स्टन सोल्हाइम यांचे नाव येते. नॉर्वेतील बर्गन येथे १९११ मध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले हे गृहस्थ व्यवसायाने यंत्र-अभियंता होते. बेचाळिसाव्या वर्षी ते गोल्फ शिकले. पटर त्यांना साधेना, तेव्हा घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःच एक पटर बनवला. चेंडूला लागताच त्यातून 'पिंग' असा नाद निघे, म्हणून त्याचे नाव पिंग ठेवले, आणि १९५९ मध्ये त्याच नावाचा उद्योग सुरू झाला. गोल्फच्या काठ्यांसाठी या कंपनीचा जो मापांचा तक्ता आहे, त्यात खेळाडूची दोन मापे विचारतात: एक उंची, आणि दुसरे मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर.

हे शेवटचे वाक्य ऐकून मी थांबलो. मनगटापासून जमिनीपर्यंत. आधाराच्या काठीचे मापही तेच! "साहेब," मी म्हणालो, "चेंडू चार बोटे चुकू नये म्हणून तुम्ही अर्धा तास उभे राहून माप दिलेत. आणि ज्या काठीवर आपला जीव टेकवायचा, ती दुसऱ्याच्या मापाची चालते?" ते हसले. मीही हसलो. पण माझे हसणे पुरते मोकळे नव्हते. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

माझे वडील सत्तरी ओलांडल्यावर गुडघ्याने अडू लागले. मीच त्यांना काठी घ्यायला सांगितले. आमच्या घरात आजोबांची एक सुंदर काठी होती. शिसवी, पितळी मुठीची, खाली लोखंडी टोक. वडिलांना ती काठी प्रिय होती. आजोबांच्या मागे तिला वारस मिळाला याचा सर्वांना आनंद झाला. काठी त्यांना चांगली दोन-अडीच इंच लांब होती. दुखरा गुडघा उजवा, आणि सवयीने काठीही उजव्याच हातात. जवळजवळ दोन वर्षे मी हे रोज पाहत होतो. दवाखान्यात इतरांची नाडी पाहणाऱ्या माझ्या डोळ्यांना घरातली काठी दिसली नाही. एका पावसाळी रात्री ते मोरीकडे जाताना पडले आणि त्यांचा खुबा मोडला.

ते काठीमुळेच पडले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रात्र होती, फरशी ओली होती, दिवा लावलेला नव्हता. पण काठीचे लोखंडी टोक ओल्या फरशीवर घसरले, हे त्यांनी स्वतः सांगितले. शस्त्रक्रिया झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. तिने वडिलांना वॉकरच्या आधाराने उभे केले, "आजोबा, हात सैल सोडा बरं," असे म्हणत टेप जमिनीला लावली, मनगटापर्यंत नेली, आकडा लिहिला आणि वॉकरचे चारही पाय त्या मापाला लावून दिले. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. दोन मिनिटांचे जे काम मी दोन वर्षांत केले नव्हते, ते तिने माझ्यादेखत केले. त्या दिवसापासून मी औषधाच्या चिठ्ठीवर 'काठी वापरावी' एवढेच लिहून थांबत नाही. काठी मागवतो, पाहतो आणि मोजतो.

आता तुम्हीही मोजा. कागद, पेन्सिल आणि शिवणकामाची टेप एवढेच लागते. ज्यांचे माप घ्यायचे त्यांना रोजच्या वापरातली पादत्राणे घालून, भिंतीजवळ किंवा घट्ट टेबलाजवळ उभे करा. जमेल तितके ताठ, नजर समोर, दोन्ही हात सैल. मनगटाच्या आतल्या बाजूला जेथे हात वळतो तेथे आडवी घडी असते. त्या घडीपासून सरळ खाली जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे काठीची पूर्ण लांबी, मुठीच्या माथ्यापासून रबरी टोपीच्या तळापर्यंत. माप दुसऱ्याने घ्यावे. स्वतःचे स्वतः घेऊ गेल्यास माणूस वाकतो आणि माप चुकते. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा ३० ते ३६ इंचांच्या आसपास येतो. म्हणजे गोल्फचा पटर आणि म्हातारपणची काठी या लांबीनेही जवळजवळ बहिणी आहेत.

माप बरोबर आले की नाही याची परीक्षा कोपराने घ्यायची. काठीचे टोक करंगळीपासून चार-सहा इंच बाहेर आणि किंचित पुढे टेकवा. मूठ धरल्यावर कोपर थोडे वाकलेले हवे, साधारण १५ ते ३० अंश. हा बाक कशासाठी? वाकलेल्या कोपरालाच सरळ होताना जमिनीवर दाब देता येतो. कोपर अगदी सरळ असेल तर काठी आखूड आहे; माणूस त्या बाजूला झुकतो आणि पाठ दुखू लागते. कोपर फार दुमडले आणि खांदा वर चढला तर काठी लांब आहे. तिच्यावर भार पडतच नाही, ती नुसती बरोबर चालते, आणि खांदा व मान मात्र आखडतात. आमच्या मैदानावर एका सकाळी नुसते बाकावर बसून पाहा. चढलेले खांदे आणि झुकलेल्या पाठी तुम्हाला लगेच ओळखू येतील.

ॲल्युमिनियमच्या काठीला खटक्याची बटणे असतात. बहुतेक काठ्यांत एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत साधारण एक इंचाचे अंतर असते. माप लावल्यावर बटण भोकातून पूर्ण बाहेर आले आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा, आणि आटा असल्यास तो घट्ट करा. लाकडी काठी असेल तर जुन्या सुतारांची रीत उत्तम: टोपी काढून काठी उलटी करायची, मूठ जमिनीवर टेकवून ती पायाशेजारी उभी धरायची आणि मनगटाच्या घडीशी खूण करायची. रबरी टोपीच्या तळाची जाडी त्यातून वजा करावी. मात्र प्रथम खुणेपेक्षा अर्धा इंच लांबच कापावी, चालून पाहावे आणि मग उरलेले काढावे. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही.

माप झाले, आता हात. दहातले निम्मे लोक काठी चुकीच्या हातात धरतात, असा माझा दवाखान्यातला अंदाज आहे. दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरावी असे मनाला वाटते. शरीराचे गणित मात्र उलटे आहे. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. डाव्या पायावर उभे असताना शरीर उजवीकडे कलू पाहते. ते कलू नये म्हणून डाव्या खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोराने ओढून धरतात. शरीराचे वजन आणि ही ओढ मिळून त्या एका सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. अशा वेळी उजव्या हातातल्या काठीने कलणारी बाजू खालून तोलून धरली, तर स्नायूंना कमी ओढावे लागते. हात खुब्यापासून लांब असल्यामुळे थोडासा दाबही पुरतो. पहारीने धोंडा हलवताना लांब टोकाला धरावे तसेच हे. म्हणून काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकावेत, मग चांगला पाय. गुडघ्याच्या दुखण्यालाही हाच नियम. पक्षाघातानंतर एक बाजू लुळी असेल तर काठी अर्थातच चांगल्या हातात येते, आणि तीही दुर्बळ पायाच्या विरुद्ध बाजूच असते.

मैदानावरची फेरी आटोपली की मी तुम्हाला गोदाकाठी नेणार आहे. रामकुंडाच्या परिसरात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. नाशिककर गोदावरीच्या पुराचे माप फुटांत सांगत नाहीत. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, असे सांगतात आणि ऐकणाऱ्याला सारे कळते. शरीराने मोजण्याची ही आपली जुनी रीत आहे. विहीर पुरुषांत मोजली जाई आणि कापड हातांत. माणसाच्या उपयोगाची वस्तू माणसाच्या अंगाने मोजावी, हे शहाणपण आपल्याला नवे नाही. काठीच्या बाबतीत तेवढे आपण ते विसरलो.

घाटाच्या पायऱ्या हे काठीचे खरे परीक्षास्थान. दगड ओला असतो, कोठे शेवाळ असते, पायऱ्यांची उंची सारखी नसते, आणि सणावाराला मागून गर्दीचा रेटा असतो. पायऱ्यांचा नियम पाठ करून ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना शरीर वर उचलायचे असते, ते काम बळकट पायाचे; मग दुखरा पाय आणि काठी त्या पायरीवर घ्यायची. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली ठेवायचे. कारण मागे वरच्या पायरीवर राहून शरीराला सावकाश खाली सोडण्याचे कष्टाचे काम चांगल्या पायाला करायचे असते. कठडा असेल तेथे एक हात कठड्यावरच हवा, काठी दुसऱ्या हातात. आणि ओल्या घाटावर, काठी असो वा नसो, सोबत माणूस हवेच. रामकुंडात स्नान घडले नाही तर पाणी हातावर घेऊन डोळ्यांना लावावे. श्रद्धेला तेवढे पुरते आणि हाडांनाही.

सोबत करणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना दोन शब्द. आई किंवा बाबा चालत असताना त्यांचा हात धरून पुढे ओढू नका. त्यामुळे त्यांचा तोल पुढे जातो. त्यांच्या दुर्बळ बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून चाला. काठीचा हात कधीही धरू नका. तो त्यांचा कामाचा हात आहे. "लवकर चला" हे शब्द घरी ठेवून बाहेर पडा. आणि एक मुद्दाम सांगतो: काठी भेट म्हणून परस्पर आणू नका. साडीचा रंग आवडला नाही तर ती कपाटात राहते; काठीचे माप चुकले तर माणूस पडतो. त्यांना बरोबर घेऊन सर्जिकलच्या दुकानात जा, मूठ त्यांना हाताळू द्या, दुकानात दहा पावले चालू द्या.

मुठीविषयी थोडे. छत्रीसारखी वाकडी गोल मूठ मनगटावर अडकवायला सोयीची. पण त्यावर सगळा भार अरुंद जागेवर पडतो आणि तळहात दुखतो. रोज भार देऊन चालणाऱ्यांना तळहात सपाट टेकेल अशी आडवी, रुंद मूठ बरी. संधिवाताने बोटे मिटत नसतील तर मूठ जाड हवी. सायकलच्या हँडलचे मऊ आवरण चढवूनही काम भागते. पितळी किंवा गुळगुळीत मूठ घामाने निसटते. जुन्या काठीवर जीव असेल तर ती भिंतीवर मानाने टांगावी. आमच्या घरी आजोबांची काठी आता तशीच आहे.

खालची रबरी टोपी म्हणजे काठीचे पादत्राण. तिच्या तळाला मोटारीच्या टायरसारख्या खाचा असतात. खाचा झिजून तळ गुळगुळीत झाला, रबर तडकले किंवा एका बाजूने खचले, की टोपी बदलायची. महिन्यातून एकदा काठी उलटी करून पाहण्याची सवय लावा. महिन्याचे वाणसामान भरण्याचा दिवस त्यासाठी लक्षात ठेवायला सोपा. टोपीची किंमत मामुली असते. मोडलेल्या खुब्याची नसते.

एकदा घेतलेले माप जन्माचे नसते. वयाबरोबर मणक्यांची उंची घटते, पाठीला बाक येतो, आणि माणूस काही वर्षांत इंच-दीड इंच सहज ठेंगणा होतो. चष्म्याचा नंबर आपण तपासून घेतो, तसे काठीचे मापही वर्षातून एकदा तपासावे. पादत्राणे बदलली, पाठीचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तर लगेच तपासावे.

आणि काठी किती करील याचीही मर्यादा जाणून असा. एका हातातली साधी काठी शरीराच्या वजनाचा फार तर चौथा भाग पेलते. तिचे मुख्य काम तोल सांभाळण्याचे. जास्त आधार लागत असेल तर चार पायांची काठी किंवा वॉकर हवा. वॉकरचे मापही मनगटाच्या घडीशीच घ्यायचे. घरी एक सोपी परीक्षा करता येते. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर म्हणजे सुमारे दहा फूट जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. रोज काठी वापरत असाल तर काठीसह. जवळ एक माणूस उभे ठेवा आणि घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. ते रक्तदाब झोपवून आणि उभे करून मोजतील, झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पाहतील, मोतीबिंदू, पायांची संवेदना आणि स्नायूंचे बळ तपासतील. पडण्याची कारणे बहुधा एकाहून अधिक असतात, आणि त्यांतली बरीच दूर करता येतात. मात्र अचानक एका बाजूची शक्ती गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एकाएकी तोल जाऊ लागला, तर काठीचा विचार करत बसू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

हिवाळ्यात नाशिकला याल तर आणखी एक सूचना. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेची थंडी अंगात शिरते. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी अंधारात मैदानावर येण्याची घाई करू नये. ऊन पडू द्यावे, सांधे घरीच थोडे हलवून मोकळे करावेत, मग निघावे. मैदान कोठे जात नाही.

त्या लष्करी साहेबांचे पुढे काय झाले, ते सांगून निरोप घेतो. भावाची काठी कापायला त्यांचे मन होईना. मी आग्रह धरला नाही. वस्तूवरची माया मला कळते. त्यांनी बटणाची नवी काठी घेतली. दवाखान्यात आम्ही दोघांनी मिळून माप लावले. त्यांच्या पटरसाठी घेतलेल्या आकड्याची चिठ्ठी त्यांनी पाकिटात जपून ठेवली होती, ती काढून पडताळूनही पाहिले. काठी डाव्या हातात गेली. पहिले आठ दिवस त्यांना ते अवघड गेले. हात चुके, पाय अडखळे. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर "काठी-उजवा, डावा, काठी-उजवा, डावा" अशी कवायत केली. त्या कवायतीत तेच माझे गुरू शोभत होते.

हल्ली कधीमधी रविवारी ते मुलाच्या गाडीतून गोल्फ क्लब मैदानावर येतात. एक फेरी पुरी करतात, खांदे दोन्ही एका पातळीत. फेरी संपली की बाकावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या काठ्या न्याहाळतात. परवा एका अनोळखी आजोबांना त्यांनी थांबवले आणि विचारले, "माफ करा, आपण जरा हात सैल सोडून उभे राहता का?" आजोबा गोंधळून उभे राहिले. साहेबांनी खिशातून टेप काढली.